फुकट तोडून देतो म्हणणारा, आणि इतर प्रश्न

मे निम्मा सरला की झाडांच्या या सदराचं टपाल दुप्पट होतं. एखादा वळीव होऊन गेलेला असतो, कुणाच्या तरी गाडीवर फांदी आलेली असते आणि गल्लीबोळांतून करवत-कोयता घेतलेली माणसं 'झाड हाय का तोडायचं?' विचारत फिरायला लागलेली असतात. निम्म्याहून जास्त पत्रं या माणसांबद्दलच आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ताई, आमच्या परड्यात सासऱ्यांनी 1970 च्या सुमारास लावलेला आंबा आहे. त्याची एक मोठी फांदी शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलीय, वाऱ्यात पत्र्यावर घासते. वखारीतला एक माणूस येऊन गेला. म्हणाला, पैसे नकोत, लाकूड मी नेतो, पावसाआधी झाड निम्म्यावर आणून देतो, म्हणजे तीन-चार वर्षं बघायला नको. शेजारी खूश आहेत. मिस्टर तर हो म्हणूनच बसलेत. करू द्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको. आणि हे उत्तर मिस्टरांना जेवताना मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी 'फुकट'चं बघू. तुम्हाला अडचण आहे एका फांदीची. तिच्यात वखारीच्या कामाचं लाकूड फारसं निघत नाही. ते निघतं मधल्या जाड फांद्यांत. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही, वखार चालवायची तर जाड लाकूड लागणारच. पण झाड किती तोडायचं हे ठरवणारा आणि लाकूड विकणारा एकच असला, की निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून माझा नियम साधा आहे : कामाचे पैसे रोख द्यायचे आणि लाकूड आपलं. मग हवं तर तेच लाकूड त्याला विका, पण हा व्यवहार वेगळा आणि काम झाल्यावरचा.

आता 'निम्म्यावर आणणं'. शेंडा आणि मोठ्या फांद्या मधूनच उडवल्या की झाडाचा बहुतेक पाला जातो. उपाशी पडलेलं झाड सालीखालचे झोपलेले डोळे जागे करतं आणि तोडलेल्या टोकाभोवती पाणसोटांचा, म्हणजे सरळसोट कोवळ्या फुटव्यांचा, झुबका उठतो. लोकांना वाटतं, बघा कसं झाड फुटलं! ते पाणसोट वरवर चिकटलेले असतात, खोडाच्या आतून आलेले नसतात. दोन-तीन वर्षांत ते हाताएवढे जाड होतात, खालची टोकं तोवर कुजलेली असतात, आणि एखाद्या वळवात पहिल्यांदा तेच मोडतात. म्हणजे तीन-चार वर्षं बघायला नको तर सोडाच, तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आत्ताच्यापेक्षा मोठं संकट. वर आणखी एक. इतकी वर्षं सावलीत असलेली साल एकदम उन्हात आली की भाजते, तडकते, आणि तडकलेल्या सालीत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगा, अंडी घालतं. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर समजा, अळी आत शिरली.

मग करायचं काय? ती एकच फांदी हलकी करायची. बहुतेक वेळा ती बुडापासून काढायचीही गरज नसते. तिच्यावर मागं कुठंतरी वर किंवा आपल्या बाजूला वळलेली उपफांदी असते. ती मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असली तर तिथपर्यंत फांदी आखूड करायची, पुढचा जोर ती उपफांदी घेते. पूर्ण झाडाचा पाला एका वेळी चौथाईपेक्षा जास्त काढायचा नाही, आणि तुमच्या आंब्याच्या वयाला त्याहून कमी.

बुडापासून काढावीच लागली तर तीन कापांत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. फांदी खाली येते पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. राहिलेला खुंटा तिसऱ्या कापात. हा तिसरा काप कुठं घ्यायचा, यावर सगळं आहे. फांदी खोडाला मिळते तिथं सुजल्यासारखी एक वळी असते. काप तिच्या लगेच बाहेर हवा. खोडाबरोबर सपाट कापलं तर वळी जाते आणि जखम भरत नाही. लांब खुंटा ठेवला तर तो कुजत आत जातो. गल्लीतल्या किती झाडांवर सपाट काप घेतलेत ते एकदा बघा, राजारामपुरीतच दहा मिनिटांत मोजता येणार नाहीत इतके सापडतील.

कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाड जखम 'बरी' करत नाही, ती आतून भिंती घालून कोंडतं, आणि वरच्या लेपानं कूज थांबत नाही. उलट डांबराखाली ओल धरते. आंब्यावर पावसाच्या तोंडाला मोठा काप घ्यावाच लागला तर बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावा, तिला माझी हरकत नाही : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडाच्या नको. तयार झाल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घाला.

राहिला कायदा. महाराष्ट्रातल्या शहरांना 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, झाड तुमच्या परड्यात असलं तरी. त्यात 'झाड तोडणं' याचा अर्थ जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं इतका रुंद आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरतात. तुमच्या सासऱ्यांचा आंबा त्यात बसतो. असं झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असतात. तेव्हा छाटणीसाठीसुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, सोबत फांदीचा आणि गच्चीचा फोटो जोडा, पोच घ्या. पकडला गेलात तर वखारवाला तुमच्यासोबत उभा राहणार नाही.

शेजाऱ्यांना कामाचा दिवस आधी सांगा. आणि त्यांच्या गच्चीवर पडणारे आंबे त्यांचे, असं तोंडानं एकदा म्हणून टाका. तसेही ते परत कुठं येतात!

प्रश्न : गेटजवळ मोठा गुलमोहोर आहे. मागच्या वर्षी ड्रेनेजच्या पाइपसाठी चर काढताना आतल्या बाजूची मुळं तुटली. आता झाड रस्त्याकडं कललंय असं घरातल्यांना वाटतं. बुंध्याशी पुठ्ठ्यासारखी कडक, तपकिरी आळंबी आली आहे. पण यंदा फुलं इतकी आलीत की झाड आजारी आहे हे पटत नाही. औषध सांगा.
– नागाळा पार्क

उत्तर : औषध नाही. झाड उतरवावं लागेल असं मला वाटतं. फोटो बघून लिहिते आहे, पण तुमच्या तिसऱ्या फोटोत जे दिसतंय ते तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही : कलाच्या उलट्या बाजूला, म्हणजे तुमच्या पायरीकडं, माती उचललेली आहे आणि अर्धगोल भेग आहे.

कललेलं प्रत्येक झाड धोक्याचं नसतं. लहानपणापासून उजेडाकडं वाकत गेलेल्या झाडाचा शेंडा पुढं जाऊन पुन्हा सरळ वर वळतो आणि बुंध्याची माती घट्ट असते. असं झाड जन्मभर उभं राहतं. नवा कल, सरळ खोड आणि मागं उचललेली माती हे तिन्ही एकत्र दिसलं तर तो पडण्याच्या वाटेवरचा कल. चर खोडापासून किती लांब होता ते मोजा. खोडाच्या जाडीच्या तिप्पट अंतराच्या आत मुळं तुटली असतील तर झाडाला धरून ठेवणारीच मुळं गेली.

आळंबीचं म्हणाल तर ती रोगाची सुरुवात नाही. आत बुरशीनं लाकूड बरंच खाल्लं, की ती बाहेर फळ धरते, ते फळ म्हणजे ही आळंबी. तिला खरवडून काही होत नाही. लाकडी हातोड्यानं बुंध्यावर चौफेर ठोकून बघा, भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज कानाला लगेच कळतो. आणि फुलांवर जाऊ नका. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. आतून पोखरलेला असतानाही मेमध्ये लालभडक होतो. तुमच्या भागात 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी साचून होतं. पाण्याखालच्या मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि त्याचा परिणाम झाडावर दिसायला काही वर्षं जातात. गेटाजवळची झाडं या निमित्तानं सगळ्यांनीच एकदा बघून घ्यावीत.

अर्ज आजच द्या, भेगेचा फोटो वरच ठेवा आणि 'धोकादायक' असा शब्द वापरून लिहा. तोवर झाडाखाली गाडी लावू नका, पोरांना झोका बांधू देऊ नका. उतरवताना ते बुडाशी कापून रस्त्यावर पाडायचं नाही. वरून तुकड्या-तुकड्यानं, प्रत्येक तुकडा नाड्यानं बांधून खाली सोडायचा. खांबावरची तार झाडाला लागून आहे, तेव्हा महावितरणला कळवून वीज बंद झाल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका. ओली फांदी तारेला टेकली तरी माणूस जातो.

जागा मोकळी झाली की चार-पाच फूट सरकून तामण लावा. आपलं राज्यफूल आहे, आणि गेटजवळ शोभेल एवढंच वाढतं.

प्रश्न : वाड्याच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. दरवर्षी छाटतो, दरवर्षी येतो. आई म्हणते पिंपळ मारायचा नाही. एकानं अ‍ॅसिड ओतायला सांगितलं.
– मंगळवार पेठ

उत्तर : अ‍ॅसिडनं पिंपळाआधी भिंत जाईल. तुमची भिंत चुना-मातीची असणार, तिच्यातला चुनाच अ‍ॅसिड खातं. छाटून काहीच साधत नाही, कारण वर छाटला की मुळं आत जाड होत राहतात.

अंगठ्याएवढा असेल तर दोन-तीन दिवस पाऊस लागून भिंत भिजली की मुळासकट हळूहळू ओढून काढा. मनगटाएवढा झाला असेल तर गवंडी बोलवा. दोन-तीन थर विटा उकलून मूळ पूर्ण काढायचं आणि विटा पुन्हा चुन्यातच बसवायच्या, सिमेंटमध्ये नको. निघालेला पिंपळ पाला कमी करून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, पावसाळ्यातच मोकळ्या जागी लावा. पिंपळ चिवट असतो, बहुतेक जगतो. आईंना लावायच्या जागी सोबत न्या.

प्रश्न : दारातल्या नारळाच्या झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या त्रिकोणी दिसतात. नारळ उतरवणाऱ्यानं शेंड्यात मीठ भरलं आणि खालच्या हिरव्या झावळ्याही साफ केल्या. फळ निम्म्यावर आलंय.
– फुलेवाडी

उत्तर : तो गेंड्या भुंगा. न उमललेल्या झावळीला तो आतूनच भोक पाडतो, आणि झावळी उघडली की कातरलेली नक्षी दिसते. शेंड्यातल्या भोकातून चोथा बाहेर आलेला दिसतो. तिथं तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचा आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरायची.

पण भुंगा येतो कुठून? तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की परसात शेणखताचा खड्डा आहे, दोन वर्षं उपसलेला नाही. तो उपसा. उसातली हुमणी बघितली असेल, तिची थोरली बहीण शोभेल अशी जाड पांढरी अळी त्यात मिळेल. वेचून कोंबड्यांना घाला. उसाच्या हुमणीवर मेटारायझियम बुरशी वापरतात, ती या खड्ड्यातही चालते. खड्डा तसाच ठेवून शेंड्यात कितीही भरलंत तरी गल्लीतल्या सगळ्या नारळांना तुम्ही भुंगे पुरवत राहाल.

हिरव्या झावळ्या तोडणं मात्र बंद. नारळाची प्रत्येक पोय, म्हणजे फुलोरा, झावळीच्याच बेचक्यातून निघते, आणि घडाला पोसते तीच झावळी. फळ निम्म्यावर येण्यात भुंग्याइतकाच या सफाईचा हात आहे. पूर्ण वाळलेली, खाली लोंबणारी झावळी तेवढी काढायची. आणि कुणी 'उंच झालाय, शेंडा मारू' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नारळाला एकच कोंब असतो. तो गेला की झाड मेलं, बाजूनं फुटत नाही.

खोडाला भोकं पडून तपकिरी रस येत असेल, आंबूस वास असेल, तर तो सोंड्या भुंगा, जास्त वाईट. तसं असेल तर वाट न बघता पुन्हा लिहा.

प्रश्न : अंगणात पेव्हिंग ब्लॉक घातल्यापासून कडुलिंब सुकत चाललाय. रोज बुंध्यात पाइप सोडतो तरी.
– कळंबा

उत्तर : पाइप बंद करा आणि ब्लॉक उचका. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि झाडाच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्यात रोज ओतलेलं पाणी फक्त साल कुजवतं. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुम्ही तेवढं तरी करा, जमलं तर जास्त. ब्लॉकखाली ठोकून बसवलेला मुरूम हाही शत्रूच. मोकळ्या केलेल्या जागेत पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. पाणी घेराच्या कडेला, सावकाश, आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब पानं गाळतोच, ते सुकणं नव्हे. मे उजाडूनही फांद्यांचे शेंडे उघडे असतील तर मात्र वर लिहिलेलं याच आठवड्यात करा.

प्रश्न : छाटणी नेमकी कोणत्या महिन्यात?
– शिवाजी पेठ

उत्तर : वाळलेली, मोडकी फांदी कधीही, शक्यतो वळवाच्या आधी. जिवंत मोठी फांदी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. त्या फांदीवरचा आंब्याचा पुढचा मोहोर जाईल, तो सोडून द्या. आंब्याची बारीक छाटणी फळ उतरल्याबरोबर. आणि चढण्याआधी खालून पाच मिनिटं वर बघा. पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असतात, पिल्लं असताना फांदी तोडणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आग्या मोहोळ असेल तर तो दिवसच रद्द.

प्रश्न : झाडाचं काम करणारा चांगला माणूस ओळखायचा कसा? दर काय असतो? एकानं सांगितलेल्या आकड्याच्या तिप्पट दुसऱ्यानं सांगितला.
– साने गुरुजी वसाहत

उत्तर : दोघांनी एकच काम सांगितलं होतं का, ते आधी विचारा. एकानं फांदी खाली टाकण्याचा दर सांगितला असेल, दुसऱ्यानं ती नाड्यानं उतरवून, तुकडे करून, पाला ट्रॉलीत भरून नेण्याचा. दर ठरतो तो उंचीवर, खाली काय आहे यावर (कौलं, तारा, शेजाऱ्याची गाडी), आणि कचरा कुणी उचलायचा यावर. म्हणून आधी कागदावर लिहून घ्या : कोणत्या फांद्या, कुठपर्यंत, लाकूड कुणाचं, पाला कुणाचा, कौल फुटलं तर भरपाई कुणाची. फांद्यांना खडूनं किंवा चिंधीनं खूण करून ठेवा. वर चढल्यावर हात चालतो, मग थांबत नाही.

माणूस बघायचा तो असा. आल्याबरोबर वर बघतो की बुंध्याशी बसतो? चांगला आधी बुंध्याशी बसतो, माती उकरून बघतो. जिवंत झाडावर चढायला पायाला खिळ्यांचे बूट बांधतो का? प्रत्येक खिळा ही एक जखम, ते फक्त उतरवायच्या झाडाला चालतात. हार्नेस आणि हेल्मेट आहे का? आपल्याकडं अनवाणी, कमरेला कोयता खोचून चढणारी भारी तरबेज माणसं आहेत, मी त्यांच्याकडूनच दोर बांधायला शिकले. पण तुमच्या अंगणात पडला तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार? हार्नेस त्याच्याकडं नसेल तर भाड्याचे पैसे तुम्ही द्या आणि घातल्याशिवाय चढू देऊ नका. कामगारांचा अपघात विमा आहे का, हेही विचारा.

आणि दोन प्रश्न मुद्दाम. 'शेंडा मारून द्याल का?' हो म्हणाला तर तिथंच नमस्कार करा. 'यातलं काय तोडायची गरज नाही?' यावर ज्याच्याकडं उत्तर असेल, त्याला तिप्पट दर द्यायला हरकत नाही. नुसतं बघून सांगण्याचे पैसे कुणी मागितले तर तेही द्या. परवाच एकांनी मला बोलावलं, चिंच काढायची म्हणून. वाळलेल्या दोन फांद्या होत्या. तेवढ्या काढल्या, बघण्याचे पैसे वेगळे घेतले, आणि ते कुरकुरत का होईना, देऊन मोकळे झाले.